गोव्यातल्या समारंभांचे कपडे: जागा आधी, रंग शेवटी

मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नाला पूर्ण अस्तराची शेरवानी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) पावसात जमिनीला टेकणारा घागरा. डिसेंबरच्या रात्री उघड्या लॉनवर बिनबाह्यांचं पातळ जॉर्जेट. गोव्यातल्या समारंभांत ही दृश्यं दरवर्षी दिसतात आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. आधी फोनवर फोटो आवडतो, मग रंग ठरतो, मग दुकान गाठलं जातं. समारंभ कुठे आहे, किती वाजता आहे, तिथे खुर्ची आहे की पाट, हे आदल्या रात्री आठवतं. फोटो बहुतेक वेळा राजस्थानातल्या एखाद्या कोरड्या हवेच्या महालात काढलेला असतो. आपल्याकडे हवा दमट, जमीन ओली आणि पुष्कळ ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात.

म्हणून पुढचा क्रम सांगतोय तसाच पाळा. मधली पायरी गाळली की पुढच्या दोन पायऱ्यांचे पैसे वाया जातात.

१. पत्रिका वाचा, मग यजमानांना फोन करा

कपाट उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: जागा, वेळ, बसायची पद्धत आणि यजमानांच्या घरची रीत. पत्रिकेत पहिल्या दोनच असतात. उरलेल्या दोन विचाराव्या लागतात आणि विचारायला कोणी लाजू नये.

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे, नागेशी या फोंडा तालुक्यातल्या देवस्थानांच्या परिसरात लग्न, मुंज किंवा वाढदिवसाची पूजा असेल, तर देवळात जाणं होणारच असं धरून चाला. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तोकड्या कपड्यांबद्दलचे फलक अनेक देवळांच्या दाराशी लावलेले असतात, आणि दाराशी भाड्याचं किंवा उसनं वस्त्र गुंडाळून आत जाण्यात सगळ्या पेहरावाची रया जाते. तुम्ही स्वतः पूजेला बसणार असाल तर प्रश्न वेगळा. पुरुषांना बहुतेक ठिकाणी सोवळं किंवा धोतर आणि उपरणं लागतं, अंगात सदरा चालत नाही. भटजींना आठवडाभर आधी विचारा. ऐनवेळी अग्रशाळेतल्या (देवळाच्या धर्मशाळेतल्या) कोणाचं तरी धोतर मागून आणायची पाळी येते.

ख्रिस्ती लग्नाची गोष्ट निराळी. बहुधा दुपारी उशिरा चर्चमधला विधी आणि संध्याकाळी हॉलमध्ये रिसेप्शन, म्हणजे एका पेहरावात दोन जागा सांभाळायच्या. चर्चमध्ये खांदे उघडे नकोत आणि हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत नाच असतो. यावर सोपा उपाय म्हणजे वरून घालता येईल असं छोटं जाकीट किंवा स्टोल. पुरुषांनी सूट-टाय घालणं अजूनही अपेक्षित असतं, नुसता शर्ट तिथे अपुरा वाटतो. साडी नेसून गेलात तर उत्तमच, त्याबद्दल शंका नको. लग्नाच्या आधीच्या दिवसांत रोस असतो, त्यात नवऱ्यामुलाला किंवा नवरीला नारळाचा रस लावतात आणि जवळच्या मंडळींनाही तो लागल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी धुता येणारे जुने सुती कपडे. रेशमी काही घातलं तर रसाचा तेलकट डाग कायमचा घरी घेऊन याल.

घरची चवथ असेल तर माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीखाली), जमिनीवर, तासन्‌तास बसणं आलं. आरती एका घरी संपत नाही, वाड्यावर फिरते. घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्याने घट्ट बाह्यांचा आणि अरुंद बगलेचा कुडता घालणं म्हणजे पहिल्याच आरतीला शिवण उसवून घेणं.

*तपासा:* जागा छपराखाली आहे का? एसी आहे का, आणि वीज गेली तर जनरेटर? जेवण पंगतीत की बुफे? गाडी दारापर्यंत जाते की पायी चालायचं आहे? या चारांची उत्तरं मिळेपर्यंत पायरी दोनकडे जाऊ नका.

२. महिना पाहा, हंगामाचं नाव नको

कपड्यांच्या जाहिरातींत ‘समर’ आणि ‘विंटर’ असे दोनच भाग असतात. गोव्यात ही विभागणी काही कामाची नाही.

जून ते सप्टेंबर पाऊस. घाम येतो पण वाळत नाही, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं. सांजाव (सेंट जॉनचा सण) २४ जूनला, त्यानंतर श्रावण, मग चवथ. हिंदू लग्नं चातुर्मासात थांबतात, पण पूजा, बारसं, वाढदिवस थांबत नाहीत. ऑक्टोबरचा उकाडा हा वर्षातला सगळ्यात फसवा काळ. पाऊस गेला म्हणून लोक जड कपडे बाहेर काढतात आणि दिवाळीच्या पहाटेच घामाघूम होतात. तुळशीच्या लग्नानंतर हिंदू लग्नं सुरू होतात, जत्रा सुरू होतात. आगमनकाळ (नाताळाआधीचा उपासनेचा काळ) संपून नाताळ झाला की ख्रिस्ती लग्नांची रांग लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण २० अंशांपर्यंत उतरतं. ऐकायला ते काहीच नाही, पण उघड्या लॉनवर दंव पडतं, खुर्च्या ओल्या होतात आणि पाठ उघडी असली की दहा वाजल्यानंतर कळतं. मार्चपासून उन्हाळा. एप्रिल-मे म्हणजे दुपारी तापमान ३३-३४ अंश आणि वर दमटपणा. मेच्या उत्तरार्धात वळिवाची सर कधीही येते, नेमकी रिसेप्शनच्या वेळेला.

*सावधान:* मेमधल्या लॉनवरच्या लग्नाला जाताना पाऊस येणार असं धरूनच कापड निवडा.

३. कापड ठरवा (रंगाकडे अजून बघू नका)

या पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून इथे थोडं थांबू.

‘गोव्यात सुती घाला’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. सुती कापड घाम शोषतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये ते वाळत नाही. जाड, कडक खळीचं सुती नेसून बाहेर पडलात तर तासाभरात खळ मऊ पडते, निऱ्या बसत नाहीत आणि काठ लोंबायला लागतो. पावसात सुती हवं असेल तर पातळ, मोकळ्या विणीचं घ्या: मलमल, कोटा, हलकं मंगळगिरी. ही कापडं भिजली तरी लवकर सुकतात. जाड सुती डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी ठेवा, तेव्हा त्याला खरा उठाव येतो.

लिनन उन्हाळ्यात सर्वोत्तम, पण चुरगळणार हे मान्य करून घ्यायचं. पुरुषांनी दुपारच्या लग्नाला पांढरट नसलेला लिननचा शर्ट आणि चांगली पँट घातली तर ती पूर्ण सभ्य आहे. तिथे शेरवानीची गरज नवऱ्यामुलालासुद्धा नसते, पण त्याला कोण सांगणार!

माहेश्वरी आणि चंदेरी या रेशीम-सुती मिश्र साड्या आपल्या हवेसाठी फार सोयीच्या. हलक्या असतात, थोडी झळाळी असते आणि दुपारपासून रात्रीपर्यंत चालतात. पैठणी, कांजीवरम यांसारखी जड रेशमी साडी ठेवा थंडीतल्या संध्याकाळसाठी किंवा खात्रीच्या एसी हॉलसाठी. मे महिन्यात दुपारी बाराच्या मुहूर्ताला कांजीवरम नेसायचीच असेल, घरचंच कार्य म्हणून, तर ती विधीपुरती नेसा आणि पंगतीआधी बदला. घरच्या बायका पूर्वीपासून हेच करत आल्या आहेत.

रेयॉन म्हणजे व्हिस्कोज दुकानात हाताला थंड आणि हलकं लागतं. ओलं झालं की मात्र ते जड होतं, लोंबतं, कमकुवत होतं. पावसाळ्यात लांब रेयॉनचा कुडता किंवा गाऊन घेऊ नका.

कृत्रिम धाग्याचं जॉर्जेट, क्रेप ही कापडं पुष्कळ लोक नावं ठेवून बाजूला सारतात. माझं मत वेगळं आहे. जुलैत संध्याकाळी दोन तासांच्या वाढदिवसाला जायचं, वाटेत चिखल, स्कूटरवरून उतरायचं, अशा वेळी कृत्रिम क्रेपची साडी आणि सुती ब्लाऊज ही जोडी व्यवहारी आहे. पाणी झटकलं जातं, चिखल ओल्या फडक्याने निघतो. पण मग ती तेवढ्यासाठीच.

*सावधान:* समई, निरांजन, आरती, फटाके जवळ असतील तिथे कृत्रिम कापड नको. ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. चवथीच्या विसर्जनाला आणि नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्री सुतीच घाला, आणि पदर-ओढणी खोचून ठेवा.

ऑर्गंझा आणि टिश्यू ही पातळ, कडक कापडं सध्या सगळीकडे आहेत. रेशमी ऑर्गंझाचा कडकपणा दमट हवेत उतरतो, आणि पॉलिएस्टरचा ऑर्गंझा कडक राहतो पण हवा आत येऊ देत नाही. टिश्यूला एकदा बसलेली चुणी त्या दिवशी जात नाही, त्यामुळे गाडीत बसून पेडण्याहून मडगावला जाणार असाल तर टिश्यू टाळा. नेसायचंच असेल तर जानेवारी आणि जवळचा हॉल.

*तपासा:* नवं गडद कापड घेतलंत तर एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबा. रुमाल रंगला तर ते कापड पावसात किंवा घामात ब्लाऊजवर, परकरावर रंग सोडणार. लाल कुणबी साडीबाबत (गोव्याची चौकटीची सुती साडी) हे आवर्जून करा. ती विणलेली आहे की छापील, हेही तिथेच पाहून घ्या: विणलेली चौकट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, छापील मागून फिकी.

४. आता रंग

रंगाचे नियम थोडेच आहेत. ख्रिस्ती लग्नात पांढरा आणि त्याच्या जवळचा मोतिया, हस्तिदंती हा नवरीचा रंग. पाहुण्याने डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालू नये. लग्नसोहळ्यात नंतर नवरी लाल सादो (विधीनंतरचा लाल पोशाख) घालते, तेव्हा जवळच्या नात्यात असाल तर लाल गाऊनबद्दलही आधी विचारून घ्या. हिंदू मंगलकार्यात पूर्ण काळं अजूनही वडीलधाऱ्यांना खटकतं. रात्रीच्या रिसेप्शनला काळा सूट किंवा काळ्या काठाची साडी चालते.

घामाचा हिशेब मात्र रंग निवडताना कोणी करत नाही. करडा, आकाशी, मध्यम गुलाबी, मध्यम हिरवा या रंगांवर ओला भाग ठळक दिसतो. गडद निळा, पांढरा, काळा आणि बारीक छापील कापडावर तो लपतो. दिवसाच्या लग्नांना फिके रंग घालायची सध्या रीत पडली आहे. ती आवडत असेल तर साडी फिकी घ्या आणि ब्लाऊज छापील किंवा गडद घ्या. पुरुषांनी मे महिन्यात करड्या रंगाचा शर्ट घालून पंगतीत वाढायला उभं राहू नये, एवढंच सांगतो.

शिगम्याला (गोव्यातल्या होळीच्या सणाला) आणि जांबावलीच्या देवळातल्या गुलालाच्या उत्सवाला पांढरं घालून जाणारे ते पांढरं परत पांढरं होईल या आशेने जातात. गुलालासाठी वेगळा जोड ठेवा. तो कायमचा गुलाबीच राहणार.

५. पायताण आधी, शिंपी नंतर

हा क्रम ऐकून लोक हसतात. पण गाऊनची किंवा पँटची लांबी शिंप्याने कशावर मोजायची? जे पायात घालणार त्याच्यावर. आधी शिवून मग तीन इंचांची टाच घेतली की कापड घोट्यावर येतं, आणि सपाट चप्पल घेतली की चिखल पुसत जातं.

देवळात, घरी, पूजेला चपला काढाव्या लागतात. तिथे पट्ट्याच्या, बकलाच्या सँडल नकोत. झटकन निघणाऱ्या, आणि हरवल्या तर जीव जळणार नाही अशा हव्यात. जत्रेत तर नक्कीच. पंगतीआधी पाय धुतले की ओल्या पायांनी चामड्याच्या चपला घालाव्या लागतात, त्यासाठी छोटं फडकं पिशवीत ठेवा. लॉन आणि किनाऱ्यावर टोकदार टाच जमिनीत रुतते. तिथे रुंद टाच किंवा सपाट. हॉलमध्ये नाच असेल तर तळवा न घसरणारा हवा, कारण मार्चपास्ट (रिसेप्शनमधली पाहुण्यांची रांगेतली फेरी) झाल्यावर लाद्यांवर काही ना काही सांडलेलंच असतं.

*सावधान:* वर्षभर खोक्यात ठेवलेले बूट समारंभाच्या दिवशी थेट घालू नका. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळवा दमट हवेत आपोआप कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि दहा पावलं चालल्यावर तळव्याचे तुकडे पडायला लागतात. गोव्यात हे नेहमीचं आहे. आठवडाभर आधी बूट काढा, तळवा अंगठ्याने दाबून, वाकवून पाहा आणि घरात थोडं चाला. भेगा दिसल्या तर मोच्याकडे रबराचा तळवा लावून घ्या. नवे घेताना रबर किंवा टीपीआरचा (थर्मोप्लास्टिक रबराचा) तळवा मागा.

६. शिंप्याकडे जाताना

चवथीच्या आधीचे आणि डिसेंबरमधले आठवडे गोव्यातल्या शिंप्यांसाठी सर्वांत धावपळीचे. मेमधल्या लग्नाचं कापड मार्च संपायच्या आत, चवथीचं जुलैच्या सुरुवातीला, नाताळानंतरच्या लग्नाचं ऑक्टोबरअखेर द्या. उशिरा दिलेलं कापड शिवून मिळतं, पण बसवून बघायला वेळ राहत नाही, आणि बसवून न बघितलेला ब्लाऊज ही जुगाराची गोष्ट आहे.

कापड देण्याआधी सुती अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड चुण्यांनी भरून जातं. अस्तर सुतीच असू द्या. वरचं कापड रेशमी असो की ब्रोकेड, अंगाला लागतं ते अस्तर. दुकानदार घाईत कृत्रिम अस्तर लावून देतात, म्हणून तुम्ही स्वतः नेऊन द्या. शिवणीत दोन्ही बाजूंना माया भरपूर ठेवायला सांगा. लग्नसराईत वजन कुठल्या दिशेला जाईल सांगता येत नाही.

बगल अगदी घट्ट कापून घेतली की ब्लाऊज फोटोत छान दिसतो, आणि घामाचा डागही तिथेच सगळ्यात आधी उमटतो. बोटभर मोकळीक ठेवा. घाम जास्त येत असेल तर आतून सुती पॅड टाचून घ्या, ते काढून धुता येतं.

पुरुषांचा सूट शिवताना ‘अर्धं अस्तर’ हे शब्द स्पष्ट सांगा. पाठीत अस्तर नसलेला कोट दिसायला तोच, अंगावर बराच कमी गरम. कापड हलक्या वजनाचं लोकरी मिळालं तर घ्या. लोकर म्हणजे गरम हा समज आहे. पातळ, उघड्या विणीची लोकर पॉलिएस्टरपेक्षा जास्त हवा खेळू देते. ती परवडत नसेल तर लोकरीचं मिश्रण पाहा. स्वस्त पॉलिएस्टर-व्हिस्कोजचा, पूर्ण अस्तराचा सूट दोन नाचांनंतर खुर्चीच्या पाठीवर जातो आणि रात्रभर तिथेच राहतो.

साडीला फॉल-पिको याच वेळी लावून घ्या. परकर सुती आणि नाडीचा. मासोळीच्या आकाराचे घट्ट परकर एसीत ठीक आहेत, पंगतीत मांडी घालून बसताना छळतात.

*तपासा:* बसवून बघताना हात वर करा, खाली वाका, मांडी घालून बसा. तिन्ही जमलं तरच पैसे द्या.

७. फॅशन एकाच जागी

चालू फॅशन पेहरावात एकाच ठिकाणी आणा: ब्लाऊजची बाही, पाठीचा गळा, पिशवी किंवा स्टोल. तयार निऱ्यांची साडी, कमरेला पट्टा, कॉर्सेटसारखा ब्लाऊज, कुटुंबभर एकसारखं कापड, हे सगळं एकदम केलं की पुढच्या वर्षी त्यातलं काहीच वापरता येत नाही. नव्या फॅशनचा ब्लाऊज जुन्या चांगल्या साडीवर घाला. वर्षभराने ब्लाऊज बदलेल, साडी राहील.

तयार निऱ्यांच्या साडीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. स्कूटरवर बसणाऱ्यांना, लहान मूल कडेवर असणाऱ्यांना ती वरदान आहे. एवढंच बघा की निऱ्या उसवून पुन्हा सपाट साडी करता येते ना.

कुणबी चौकट आता शर्ट, स्टोल, पर्सवरही मिळते. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी पुन्हा चर्चेत आणल्यावर तिच्या नावाने छापील माल बाजारात पुष्कळ आला. हातमागाची असेल तर दिवसाच्या समारंभाला, जत्रेला, घरच्या पूजेला ती खास शोभते. खांद्यावरच्या गाठीची, देठलीची पद्धत करायची असेल तर ती जिला येते तिच्याकडून नीट शिका आणि मगच नेसा. पिनांनी ओढूनताणून केलेली गाठ अर्ध्या तासात सुटते.

८. फुलं आणि दागिने

हंगामाबरोबर बदलणारी आपल्याकडची सगळ्यात जुनी फॅशन फुलांची. अबोलीची फाती (गुंफलेली वेणी) जवळजवळ वर्षभर मिळते आणि लवकर कोमेजत नाही, म्हणून दिवसभराच्या लग्नाला तीच घ्यावी. पावसात जाई, म्हार्दोळची जाई प्रसिद्ध आहे, पण दुपारपर्यंत मान टाकते, तेव्हा ती संध्याकाळची. थंडीत शेवंती, उन्हाळ्याच्या तोंडाला सुरंगी. सुरंगीचा वास दाट असतो, अत्तर लावू नका, दोन्ही एकमेकांना मारतात. फाती दुपारीच आणली असेल तर केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते.

गळ्यात जड असेल तर कानात हलकं, एवढं पुरे. नकली दागिने घामाने काळे-हिरवे पडतात, म्हणून कातडीला लागणाऱ्या बाजूवर रंगहीन नेलपॉलिशचा हात आदल्या दिवशी फिरवा. मोती सगळ्यांत शेवटी घालायचे, पावडर-अत्तर झाल्यावर. आणि अत्तर कापडावर, विशेषतः जरीवर मारू नका. जर काळी पडते, मग ती सहज उजळत नाही.

९. रंगीत तालीम

समारंभाच्या आधीच्या आठवड्यात संपूर्ण पेहराव करून अर्धा तास घरात वावरा. पंखा बंद ठेवा. जिना चढा-उतरा, पाटावर बसा, जेवायला घेतल्यासारखा हात पुढे करा, गाडीत बसून या. पिन कुठे टोचते, पदर कुठून घसरतो, टाच कुठे लागते, हे इथेच कळायला हवं. फ्लॅश लावून एक फोटो काढा: पातळ कापड दिव्यात किती पारदर्शक होतं ते डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

इस्त्री आदल्या दिवशी सकाळीच करून टाका. पावसाळ्यात संध्याकाळी वीज जाते आणि मग सगळं घर एका इस्त्रीसाठी ताटकळतं. इस्त्री केलेले कपडे लगेच कपाटात कोंबू नका, वाफ निघून जाईपर्यंत पंख्याखाली टांगा, नाहीतर कुबट वास धरतात.

१०. त्या दिवशी

स्कूटरवर जाणार असाल तर पदर, ओढणी, निऱ्या पूर्ण खोचून, वरून मोठी पिन. मागच्या चाकात पदर अडकून होणारे अपघात गंभीर असतात, यात हयगय नको. पावसात साडी पोटरीपर्यंत वर खोचून, वर लांब रेनकोट, पायात रबरी चप्पल, आणि चांगली पादत्राणं पिशवीत. पोचल्यावर बदला. कोणी हसत नाही, सगळे तेच करतात.

पिशवीत असू द्या: चार सेफ्टी पिना, सुई-दोरा, सुती रुमाल दोन, छोटं फडकं, पावडरची पुडी. रात्रीच्या लॉनसाठी पातळ शाल.

सोलकढी सांडली तर लगेच गार पाण्याने टिपा, चोळू नका. तुपा-तेलाचा थेंब पडला तर पाणी अजिबात नको. पावडर टाकून दाबून ठेवा, ती तेल ओढते. हळद लागली तर साबण लावू नका, साबणाने ती लाल होते. गार पाणी मारा आणि घरी आल्यावर उन्हात घाला, हळदीचा पिवळा रंग उन्हाने उडतो. गुलाल कोरडाच झटकायचा, ओला केला की तो बसला.

११. घरी आल्यावर

दमून आल्यावर कपडे खुर्चीवर टाकून झोपणं स्वाभाविक आहे, पण रेशमाचं निम्मं नुकसान याच रात्री होतं. निदान हँगरवर, उलटी बाजू बाहेर करून, पंख्याखाली लावा. पूर्ण सुकल्याशिवाय घडी नको.

रेशमी साडी जुन्या धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळा. दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी फेकून द्या, तिच्यात दमटपणा अडकतो आणि बुरशी धरते. डांबरगोळी जरीला लागेल अशी ठेवू नका. लवंग किंवा सुकलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. खळीचे सुती कपडे पावसाळ्याआधी खळ धुऊन मगच ठेवायचे, खळीवर कसर येते. दर तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते. मेच्या अखेरीस, पहिला मोठा पाऊस येण्याआधी, सगळं एकदा सावलीत वारं देऊन परत ठेवा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच.

चामड्याचे बूट, पट्टे, पर्स पावसाळ्यात बंद कपाटात न ठेवता उघड्या फळीवर ठेवा. आत कागदाचे बोळे घाला आणि ओलसर वाटले की बदला. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, उन्हात थोडा वेळ ठेवा, मग पॉलिश. आणि ज्या खोक्यात पीयूच्या तळव्याचे बूट आहेत त्यावर घेतल्याची तारीख लिहून ठेवा.